बंद एका रात्रीत, उघडायला दोन वर्षं

२१ नोव्हेंबर १९१८. दुपारी बाराच्या ठोक्याला सॅन फ्रान्सिस्को शहरात भोंगे वाजले आणि रस्त्यावरच्या लोकांनी तोंडावरचे मास्क काढून टाकले. जवळपास महिनाभर हे मास्क सक्तीचे होते. फ्लूची साथ आटोक्यात आली आहे, असं शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. विल्यम हॅसलर यांचं म्हणणं होतं. थिएटरं आधीच उघडली होती आणि शाळा चार दिवसांनी उघडणार होत्या. दहा दिवसांपूर्वी पहिलं महायुद्ध संपलं होतं. त्या दुपारी शहरात सण असल्यासारखं वातावरण होतं.

डिसेंबरमध्ये रुग्ण पुन्हा वाढायला लागले. हॅसलर यांनी मास्कसक्ती परत लावायला सांगितलं, पण नाताळच्या तोंडावर नगर मंडळाने ते फेटाळलं. जानेवारीत आकडे डोळ्यांत भरण्याइतके वाढले, तेव्हा १७ जानेवारी १९१९पासून सक्ती पुन्हा आली. या वेळी मात्र लोक ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. 'अँटी-मास्क लीग' नावाची संघटना उभी राहिली, हजारो लोकांची सभा झाली. त्याआधी शहराचे महापौर आणि खुद्द हॅसलर एका बॉक्सिंगच्या सामन्यात विनामास्क सापडले होते आणि त्यांना दंड भरावा लागला होता. हे लोकांच्या चांगलं लक्षात होतं. १ फेब्रुवारीला सक्ती कायमची गेली.

साथीच्या इतिहासात आपण बहुतेक वेळा 'बंद' कधी केलं, याचीच चर्चा करतो. कोणी लवकर केलं, कोणी उशीर केला, किती माणसं वाचली. २०२० आठवलं तरी २४ मार्चचं रात्री आठचं भाषण डोळ्यांसमोर येतं. पण बंद करणं हा एकच निर्णय असतो. उघडणं म्हणजे शेकडो निर्णय असतात. कोणतं दुकान, कोणती वेळ, कोणती इयत्ता, कोणती गाडी, आणि चुकलं तर मागे कधी फिरायचं. मला या दुसऱ्या भागाबद्दल लिहायचं आहे, कारण खरी गडबड इतिहासात अनेकदा इथेच झालेली आहे.

दोन उंचवट्यांचा आलेख

१९१८ची गोष्ट सांगताना अमेरिकेतल्या दोन शहरांची जोडी हमखास येते. फिलाडेल्फियाने २८ सप्टेंबरला युद्धकर्जासाठी भव्य मिरवणूक काढली, सुमारे दोन लाख लोक जमले आणि पुढच्या काही आठवड्यांत शहरात शवपेट्या कमी पडल्या. सेंट लुईसमध्ये डॉ. मॅक्स स्टार्कलॉफ या आरोग्य आयुक्तांनी पहिले रुग्ण दिसल्यावर दोनच दिवसांत, ७ ऑक्टोबरला, शाळा, थिएटरं, चर्च, सभा असं सगळं बंद करायला सुरुवात केली. साथीच्या ऐन भरातला तिथला मृत्युदर फिलाडेल्फियाच्या साधारण एक-अष्टमांश राहिला. २०२०च्या मार्चमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर 'फ्लॅटन द कर्व्ह'वाला आलेख फिरत होता, त्याच्या मागे हीच दोन शहरं होती.

गोष्ट इथे थांबते, त्यामुळे ऐकायला छान वाटते. पण सेंट लुईसचा आलेख नोव्हेंबरच्या पुढे पाहिला, तर त्याला दुसरा उंचवटा दिसतो. नोव्हेंबरच्या मध्यात शहराने बंधनं सैल केली, रुग्ण वाढले आणि महिनाअखेरीस पुन्हा बंद करावं लागलं. ज्याने वेळेवर दार लावलं, त्यालाही दार उघडण्याची वेळ नीट साधता आली नाही.

डेन्व्हरचं तर आणखी बोलकं आहे. तिथली बंधनं ११ नोव्हेंबरला, म्हणजे युद्धबंदीच्याच दिवशी उठली. लोक रस्त्यावर नाचले. दहा-अकरा दिवसांत पुन्हा बंदीचा आदेश काढावा लागला. त्यावर थिएटरवाल्यांनी एवढा दबाव आणला की, काही दिवसांतच तो मागे घेऊन फक्त मास्कची सक्ती ठेवली गेली, आणि तीही फारशी कोणी पाळली नाही. डेन्व्हरच्या आलेखालाही दोन उंचवटे आहेत.

२००७ साली अमेरिकन संशोधकांच्या वेगवेगळ्या गटांनी या जुन्या मृत्यूनोंदी शहरवार काढून पुन्हा तपासल्या. एका अभ्यासात ४३ शहरं होती. त्यांतून लवकर आणि एकाच वेळी अनेक उपाय करण्याचा फायदा दिसला, तो पुढे गाजला. दुसऱ्या निष्कर्षाकडे कमी लोकांचं लक्ष गेलं. एका अभ्यासातल्या शहरांपैकी एकाही शहरात मुख्य उपाय लागू असताना दुसरी लाट आली नाही. जिथे आली, तिथे ती बंधनं उठल्यानंतर आली. शिवाय ज्या शहरांनी पहिली लाट चांगली रोखली, तिथेच आजार न झालेली माणसं जास्त उरलेली होती. म्हणजे पहिल्या परीक्षेत चांगले गुण मिळवले की, दुसरी परीक्षा जास्त अवघड येते.

गिझर आणि नळ

हे असं का होतं, ते समजायला वैद्यकशास्त्र लागत नाही. गिझर न्हाणीघरापासून लांब असेल, तर आपण नळ फिरवतो आणि पाणी गारच येतं. आणखी फिरवतो, तरी गार. शेवटी पूर्ण उघडतो आणि दहा सेकंदांनी पाठ भाजते. नळाचा दोष नसतो, पाण्याला पाइपमधून यायला वेळ लागतो. आपण मात्र आत्ता अंगावर पडणाऱ्या पाण्यावरून निर्णय घेत असतो.

कोविडच्या पाइपची लांबी साधारण दोन आठवडे होती. संसर्ग झाला, पाच-सहा दिवसांनी लक्षणं दिसली, दोन दिवस 'साधा सर्दी-ताप असेल' म्हणून घरी काढले, मग तपासणी, मग अहवाल. ऑक्सिजनची खाट लागली, तर आणखी काही दिवस. म्हणजे सोमवारी दुकानं उघडली आणि शुक्रवारी आकडे वाढले नाहीत, म्हणून समाधान मानलं, तर त्या समाधानाला काही अर्थ नसतो. शुक्रवारचा आकडा दुकानं बंद असतानाचा असतो.

त्यात साथ वाढते ती बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. समजा, एक हजार रुग्ण आहेत, प्रत्येक जण सरासरी १.३ जणांना लागण करतो आणि एका फेरीला पाच दिवस लागतात. तीस दिवसांत सहा फेऱ्या होतात आणि हजाराचे जवळजवळ ४,८०० होतात. आता घाबरून कडक बंधनं लावली आणि १.३चा आकडा ०.८वर आणला. तरी ४,८०० वरून परत हजारावर यायला सुमारे पाच आठवडे जातात. एक महिना सैल सोडल्याची भरपाई करायला महिन्याहून जास्त काळ घट्ट धरावं लागतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नवा बदल सगळ्या ग्राहकांना एकदम देत नाहीत. आधी थोड्यांना देतात, काही काळ मोजमाप करतात, मग पुढच्यांना. आणि देण्याआधीच लिहून ठेवतात की, अमुक आकडा अमुक रेषेच्या वर गेला, तर बदल मागे घ्यायचा. हे आधी लिहायचं कारण साधं आहे. रात्री दोन वाजता सगळे फोनवर ओरडत असताना 'थोडं थांबून बघू' म्हणणारा कोणीतरी नेहमी असतो. शहर हे काही सर्व्हर नाही. सर्व्हरला भूक लागत नाही, त्याला घरभाडंही द्यावं लागत नाही. पण टप्प्याने उघडणं, टप्प्यांमध्ये मोजण्यापुरता वेळ सोडणं आणि परतीची अट आधी जाहीर करणं या तीन गोष्टी दोन्हीकडे सारख्याच लागू पडतात. महाराष्ट्राने त्या दोन वर्षांत या तीन गोष्टींचं काय केलं, हे पाहण्यासारखं आहे.

फक्त बंद करणारा कायदा

मार्च २०२०मध्ये महाराष्ट्राने ज्या कायद्याच्या आधारे पहिली बंधनं लावली, तो १८९७चा साथरोग कायदा आहे. मुंबईत आणि मग पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा ब्रिटिश सरकारने तो फेब्रुवारी १८९७मध्ये घाईने केला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारला वाटतील ते उपाय करता येतील, न पाळणाऱ्याला शिक्षा होईल आणि ते करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही. उपाय उठवायचे कधी, कोणत्या मोजमापावर, कोणाला विचारून, याबद्दल त्यात काही नाही. पुण्यातल्या घरझडत्या, रँडचा खून, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला हा पुढचा इतिहास आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

त्या इतिहासाचा एक धागा २०२०मध्ये अचानक वर आला. तुरुंगातून सुटून परतल्यावर टिळकांनी 'केसरी'त अग्रलेख लिहिला, त्याचं शीर्षक 'पुनश्च हरिः ॐ'. मे २०२०च्या अखेरीस मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्बंध सैल करण्याची घोषणा केली, तेव्हा हेच शब्द वापरले. सरकारी आदेशात त्याचं नाव होतं 'मिशन बिगिन अगेन'. प्लेगच्या काळातला शब्द उघडण्यासाठी परत आला, पण उघडण्याचा नियम सांगणारं कलम काही त्या काळात लिहिलेलं नव्हतं. ते नव्यानेच शोधायचं होतं.

त्याआधी एक छोटी चाचणी होऊन गेली होती. ४ मे २०२०ला मुंबईत इतर काही दुकानांबरोबर दारूची दुकानं उघडली. मैलभर रांगा लागल्या आणि ६ मेपासून महापालिकेने ती पुन्हा बंद केली. शहरातलं पहिलं 'अनलॉक' दोन दिवस टिकलं. त्यावर विनोद बरेच झाले. पण त्यातून कळण्यासारखं हे होतं की, चाळीस दिवस अडवून ठेवलेली मागणी एकाच दारातून सोडली, की ती पुरासारखीच येते.

आणि बंद ठेवण्याची किंमतही याच दिवसांत दिसत होती. १४ एप्रिलला लॉकडाउन वाढल्याचं कळताच वांद्रे स्टेशनबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची गर्दी जमली. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. घरात बसून पगार मिळणाऱ्या माझ्यासारख्यांना 'अजून पंधरा दिवस थांबू' म्हणायला काही लागत नव्हतं. ज्यांना रोज कमावून रोज खायचं होतं, त्यांच्यासाठी प्रत्येक वाढीव पंधरवडा ही वेगळी साथ होती. म्हणून 'सुरक्षितपणे उघडा' याचा अर्थ 'शक्य तितकं उशिरा उघडा' असा कधीच होत नाही.

लोकलचं दार

मुंबईपुरतं बोलायचं तर उघडण्याचा खरा नळ एकच होता, लोकल. साथीआधी रोज पंच्याहत्तर लाखांहून जास्त लोक तिने प्रवास करायचे. २२ मार्च २०२०च्या रात्री ती थांबली. दुसऱ्या कोणत्याही शहरात दुकान उघडायला परवानगी दिली, की दुकान उघडतं. मुंबईत दुकान काळबादेवीला असतं आणि दुकानातला माणूस नालासोपाऱ्याला.

१५ जून २०२०ला ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. बाकीच्यांनी एसटी, बेस्ट, मिळेल ते धरलं. बदलापूर, विरारकडून तीन-तीन तास. २२ जुलैला नालासोपाऱ्यात एसटी बंद असल्याचं कळल्यावर प्रवासी थेट रुळांवर उतरले. २१ ऑक्टोबरला सर्व महिलांना ठरावीक वेळांत मुभा मिळाली. त्याआधी राज्य सरकार 'परवानगी दिली' म्हणतंय आणि रेल्वे 'आम्ही तयार नाही' म्हणतेय, असे चार दिवस गेले. १ फेब्रुवारी २०२१ला सर्वांसाठी लोकल खुली झाली, पण तीन खिडक्यांमध्येच: पहाटेपासून सकाळी सात, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. नऊ ते सहा नोकरी करणाऱ्याच्या हाती यातली एकही खिडकी नीट लागत नव्हती.

तरी याकडे नीट पाहिलं, तर हा टप्प्याने उघडण्याचाच प्रयत्न होता. आधी थोडे लोक, मग आणखी थोडे, दर वेळी काही महिन्यांचं अंतर. जानेवारी २०२१च्या अखेरीस राज्यातले रोजचे नवे रुग्ण दोन-तीन हजारांच्या घरात आले होते. सप्टेंबरमधल्या पहिल्या लाटेच्या शिखरावर हाच आकडा २४,८८६ होता. उघडायची हीच वेळ आहे, असं तेव्हा कोणालाही वाटलं असतं.

फेब्रुवारीच्या मध्यापासून आकडे फिरले. १८ एप्रिल २०२१ला राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्याच दिवशी कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन देशातली पहिली 'ऑक्सिजन एक्स्प्रेस' विशाखापट्टणमकडे निघाली.

मग लोकल उघडली म्हणून दुसरी लाट आली का? तेव्हा टीव्हीवर हा निष्कर्ष छातीठोकपणे सांगितला जात होता. पण आधी पेटलं ते विदर्भात. अमरावतीत फेब्रुवारीतच आठवडाभराचा लॉकडाउन लागला होता आणि तिथे लोकल नाही. विषाणूचा नवा प्रकार आलेला होता, ज्याला पुढे डेल्टा म्हटलं गेलं. शिवाय त्या तीन-चार महिन्यांत काय काय उघडलं होतं ते पाहा. ऑक्टोबरमध्ये उपाहारगृहं आणि बार, दिवाळीच्या पाडव्याला मंदिरं, मग लग्नसराई, जानेवारीत राज्यभर हजारो ग्रामपंचायतींच्या निवडणुका, फेब्रुवारीत लोकल. यातल्या कशाने किती भर घातली, हे आज कोणीच वेगळं काढून सांगू शकत नाही.

माझ्या मते त्या हिवाळ्याचा खरा धडा हा आहे. उघडणं चुकीचं नव्हतं. पण उघडताना 'आकडा इथवर आला, तर यातलं अमुक आधी बंद करू' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. फेब्रुवारीत आकडे वाढू लागल्यापासून एप्रिलच्या मध्यात कडक निर्बंध लागेपर्यंत जवळपास दोन महिने गेले. त्या काळात रात्रीची संचारबंदी, शनिवार-रविवारची बंदी, जिल्ह्याजिल्ह्यांचे वेगळे आदेश असं काही ना काही चालू होतं. दर आठवड्याला वाद तोच होता: आता पुरेसं वाईट झालंय का? हा प्रश्न लाट आल्यावर विचारायचा नसतो. तो आधी, शांत डोक्याने सोडवून ठेवायचा असतो.

पाच स्तर

जून २०२१मध्ये ते घडलं. सुरुवात मात्र अडखळतच झाली. ३ जूनला मंत्री विजय वडेट्टीवार यांनी पाच टप्प्यांच्या अनलॉकची घोषणा केली. काही तासांत मुख्यमंत्री कार्यालयाकडून खुलासा आला की, हा प्रस्ताव अजून विचाराधीन आहे. तोवर लोकांच्या फोनवर 'लॉकडाउन उठला' पोचलेलं होतं. पुढच्या रात्री खरा आदेश निघाला आणि ७ जूनपासून लागू झाला.

आदेश वाचायला सोपा होता, हे त्याचं मोठं यश. दोनच आकडे: तपासण्यांतले किती टक्के बाधित आणि ऑक्सिजनच्या किती टक्के खाटा भरलेल्या. पाच टक्क्यांखाली बाधित आणि पंचवीस टक्क्यांखाली खाटा, तर पहिला स्तर, जवळपास सगळं खुलं. बाधित वीस टक्क्यांवर किंवा खाटा पंचाहत्तर टक्क्यांवर, तर पाचवा स्तर, जवळपास सगळं बंद. दर गुरुवारी आकडे पाहायचे आणि सोमवारपासून स्तर बदलायचा. सोलापूरच्या किराणा दुकानदारालाही आपलं दुकान पुढच्या आठवड्यात किती वाजेपर्यंत चालेल, याचा स्वतः अंदाज बांधता येत होता. त्याआधीचं सव्वा वर्ष हा अंदाज फक्त मंत्रालयात बांधला जायचा.

त्यातल्या त्रुटी लगेच दिसल्या. स्तर ठरवायचे आकडे दोन बाजूंनी हलतात. बाधितांचं प्रमाण रुग्ण कमी झाले तरी घटतं आणि तपासण्या वाढवल्या तरी घटतं. त्यातही झटपट होणारी अँटिजेन चाचणी बऱ्याच बाधितांना निसटू देते. तिच्या चाचण्या जास्त केल्या, तर जिल्हा कागदावर निरोगी दिसू शकतो. २५ जूनच्या सुधारित आदेशात म्हणूनच सांगितलं गेलं की, यापुढे फक्त आरटी-पीसीआरचेच आकडे धरायचे. त्याच आदेशाने आणखी एक केलं: आकडे कितीही चांगले असोत, तिसऱ्या स्तराच्या खाली कोणी जायचं नाही. डेल्टा प्लसची धास्ती होती.

या दुसऱ्या निर्णयाने मूळ करार मोडला. मुंबईचे आकडे पहिल्या स्तरात बसत असतानाही शहर आधीपासून तिसऱ्यातच ठेवलेलं होतं, आता सगळ्या राज्यालाच तो नियम लागला. तिसरा स्तर म्हणजे दुपारी चारला शटर खाली. पुण्यात, कोल्हापुरात व्यापारी रस्त्यावर आले. त्यांचं म्हणणं सोपं होतं: तुम्हीच दिलेल्या परीक्षेत आम्ही पास झालो, आता निकाल का बदलता? सरकारकडे कारण होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण आधी जाहीर केलेला नियम मधेच बदलला, की पुढच्या नियमावर विश्वास ठेवायला माणसं कचरतात. सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्यांदा मास्क लावायला सांगितल्यावर हेच झालं होतं.

२ ऑगस्टला आणखी वेगळा मार्ग निघाला. जिथे रुग्ण जास्त होते, ते पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर धरून अकरा जिल्हे बंधनात ठेवून २२ जिल्ह्यांना सवलती दिल्या गेल्या. १५ ऑगस्टपासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांसाठी लोकल उघडली. आणि त्याच सुमारास एक गोष्ट स्पष्ट जाहीर झाली: राज्याची ऑक्सिजनची रोजची गरज ७०० टनांवर गेली, तर पुन्हा लॉकडाउन लागेल.

ही परतीची अट. दीड वर्षात प्रथमच सगळ्यांना पाठ होईल अशी. तिच्यात दोष आहे, तो गिझरवालाच. ऑक्सिजनची मागणी हा सर्वांत उशिरा हलणारा काटा. तो ७००वर पोचेल, तेव्हा त्यामागे दोन-तीन आठवड्यांचे संसर्ग रांगेत असतील. पण त्याला एक फायदा होता. तपासण्या कमी-जास्त करून तो हलवता येत नाही. जानेवारी २०२२मध्ये ओमायक्रॉनमुळे रोजचे रुग्ण चाळीस हजारांच्या पुढे गेले, तेव्हाही आरोग्यमंत्री ही रेषा सांगत राहिले. जमावबंदीसारखे निर्बंध लागले, पण लसीकरण झालेल्या राज्यात ऑक्सिजनची मागणी त्या रेषेपर्यंत गेली नाही आणि पूर्ण लॉकडाउन लागला नाही. नुसत्या रुग्णसंख्येवर रेषा आखली असती, तर बहुधा लागला असता.

रांगेत शेवटी कोण

आकड्यांनी 'कधी' ठरवता येतं. 'आधी कोण' हे आकडे ठरवत नाहीत, ते आपण ठरवतो.

माझी भाची जून २०२०मध्ये मुंबईत पहिलीत गेली. म्हणजे तिच्या आईच्या मोबाइलवर गेली. १५ डिसेंबर २०२१ला मुंबईत पहिली ते सातवीच्या शाळा उघडल्या, तेव्हा ती दुसरीचं अर्धं वर्ष संपवून प्रथमच वर्गात बसली. तीन आठवडे होत नाहीत, तोच ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या, त्या २४ जानेवारीला उघडल्या. तिच्या घरी निदान एक फोन जास्तीचा होता. तिच्या वर्गात दोन भावंडांत आणि कामावर जाणाऱ्या वडिलांत एक फोन, अशी मुलं होती. बाई सांगत होत्या की, काही जण दुसरीत येऊन जोडाक्षरांपाशी अडलेले आहेत.

याच काळात उपाहारगृहं दोनदा उघडून दोनदा बंद झाली होती, बारही. त्यांच्यावर घरं चालणारे लाखो लोक आहेत, त्यांचं उघडणं गैर नव्हतं. पण रांगेतला क्रम कसा ठरला? ज्यांची संघटना होती, ज्यांच्यामुळे महसूल येत होता, ज्यांचा प्रश्न बातम्यांत होता, ते पुढे सरकले. सहा वर्षांच्या मुलांची संघटना नसते. १९१८मध्ये डेन्व्हरात थिएटरवाल्यांनी आदेश फिरवला होता. दबावाची ही रीत शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही.

३१ मार्च २०२२ला राज्य मंत्रिमंडळाने सगळे निर्बंध उठवल्याचं जाहीर केलं. दोन दिवसांवर गुढीपाडवा होता, शोभायात्रा निघाल्या. त्या आषाढीला पालख्या पुन्हा पायी पंढरपूरला गेल्या. आधीची दोन वर्षं पादुका एसटी बसने गेल्या होत्या. यानंतर बहुतेकांनी हा विषय मनातून काढून टाकला, आणि ते स्वाभाविकच आहे.

१८९७चा कायदा मात्र अजून आहे. २०२०मध्ये त्यात सुधारणा झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले करणाऱ्यांना शिक्षा वाढवण्यासाठी. ती गरजेची होती. बंधनं उठवण्याबद्दल त्यात आजही एक ओळ नाही. जून २०२१चा तो पाच स्तरांचा तक्ता, त्यातल्या चुका, २५ जूनची दुरुस्ती, ७०० टनांची रेषा, शाळा कोणत्या महिन्यात उघडल्या त्याच्या तारखा, हे सगळं सरकारी संकेतस्थळांवरच्या जुन्या आदेशांमध्ये विखुरलेलं पडून आहे. पुढची साथ कधी येईल ते माहीत नाही, पण येईल तेव्हा बंद कसं करायचं, ते आपल्याला चांगलं ठाऊक असेल. उघडायचं कसं, हे लिहून ठेवायला साथ नसलेला काळच बरा. पहिली ओळ मी सुचवतो: कोणतंही दार बंद करणाऱ्या आदेशात ते कोणत्या आकड्याला उघडेल आणि कोणाच्या आधी उघडेल, हे त्याच दिवशी लिहावं.